हिब्रू महिने मोजताना या चुका टाळा

ज्यूंच्या हिब्रू पंचांगात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘तिश्री महिना म्हणजे आश्विन, निसान महिना म्हणजे चैत्र’ असा तक्ता एकदा करून तोच दरवर्षी वापरणे. दोन्हीकडे महिना अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे तक्ता पुष्कळदा जुळतो. २०२४ मध्ये १ तिश्री आणि घटस्थापना एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला आली. २०२६ मध्ये मात्र १ तिश्री १२ सप्टेंबरला येते, म्हणजे गणेश चतुर्थीच्याही दोन दिवस आधी. हा फरक अधिक महिन्याचा. आपल्याकडे त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे. हिब्रू वर्षात मात्र जास्तीचा महिना नेहमी अदारच असतो, आणि तो २०२७ च्या फेब्रुवारीत लागतो. तोवर सगळे महिने एकाने सरकलेले राहतात.

अधिक वर्ष ओळखायला हिब्रू सनाला १९ ने भागा. बाकी ०, ३, ६, ८, ११, १४ किंवा १७ उरली तर १३ महिने. ५७८७ ला भागल्यावर ११ उरतात, म्हणून त्या वर्षी दोन अदार: पहिला ३० दिवसांचा, दुसरा २९ चा. खरा अदार दुसरा. पुरीम हा ज्यूंचा सण, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरांतला जुना ‘होळीचा सण’, दुसऱ्या अदारच्या १४ तारखेला, २३ मार्च २०२७ ला येतो. पहिला अदार धरलात तर सण महिनाभर आधी, २१ फेब्रुवारीला पडेल.

पुण्यतिथीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. साध्या वर्षाच्या अदारात वारलेल्या माणसाची पुण्यतिथी अधिक वर्षी कोणत्या अदारात पाळायची? अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यूंची) प्रथा बहुधा पहिल्या अदारची, सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंची) दुसऱ्याची. इथे अंदाजाने ठरवू नका, घराण्याची प्रथा सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) विचारून घ्या.

दिवस सूर्यास्ताला बदलतो. २३ मार्च २०२४ च्या रात्री आठला जन्मलेल्या बाळाची तारीख १४ अदार दुसरा, १३ नव्हे. जन्मवेळ नोंदलेली नसेल तर दोन्ही तारखा लिहून ठेवा. पंचांगातल्यासारखा तिथीचा क्षय किंवा वृद्धी इथे होत नाही.

महिन्याची लांबी पाठ करताना हेश्वान आणि किस्लेव वेगळे ठेवा. बाकीचे महिने ठरलेले आहेत, हे दोन कधी २९, कधी ३० दिवसांचे. १ तिश्री रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायची नाही असा नियम आहे, आणि त्यासाठी लागणारा एखादा दिवस इथेच वाढवतात किंवा कमी करतात. बुधवारी आली असती तर १० तिश्रीचा योम किप्पूर, म्हणजे मोठ्या उपवासाचा दिवस, शुक्रवारी, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला) लागून, पडला असता.

आता आकडे. इसवी सन काढताना हिब्रू सनातून ३७६० वजा करा. १ तिश्री ते ३१ डिसेंबरच्या तारखांसाठी ३७६१. महिन्याचा क्रमांक लिहू नका, नाव लिहा: तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथात निसान पहिला आहे, पण सन तिश्रीला बदलतो, आणि काही संगणक प्रणाली तिश्रीलाच १ मानतात.