गाव पीएमआरडीएत गेलं म्हणून निवांत बसलात? सरपंच-सदस्यांनो, या चुका टाळा

पुण्याच्या भोवतालच्या कुठल्याही गावात नवी बॉडी आली की पहिल्याच मासिक सभेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आपण आता पीएमआरडीएत आहोत, मोठी कामं तेच करणार." आणि, "आज ना उद्या महापालिकेत जायचंच आहे, मग कशाला एवढी डोकेफोड?" मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो. आता हवेली, मुळशी, खेड भागातले सरपंच विचारतात तेव्हा फुकट सल्ला देतो. फुकट असल्यामुळे तो कुणी मनावर घेत नाही, हा भाग वेगळा. त्याच त्या चुका दर पाच वर्षांनी नव्या तोंडून ऐकायचा कंटाळा आला, म्हणून हे लिहायला बसलो.

प्राधिकरणाला मोठी ग्रामपंचायत समजणं

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच पीएमआरडीए, २०१५ साली स्थापन झालं. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. नियोजन, बांधकाम परवानग्या, वर्तुळाकार रस्ता, नगररचना योजना, मोठे रस्ते आणि पूल ही त्याची कामं. तुमच्या वाडीतला दिवा गेला, गटार तुंबलं, टाकीवरचं पाणी दोन दिवस आलं नाही, तर आकुर्डीला प्राधिकरणाच्या कार्यालयात फोन करून उपयोग नाही. ते काम काल ग्रामपंचायतीचं होतं, आजही आहे. उलट एक गोष्ट तुमच्या हातातून गेलीय, ती म्हणजे बांधकाम परवानगी. तरीही काही सरपंच अजून लेटरहेडवर 'बांधकामास ना हरकत' देतात, त्याच्या जोरावर तीन मजले चढतात, फ्लॅट विकले जातात आणि नोटीस आली की घेणारा बिचारा ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहतो. देऊ नका. चुलतभावाला तर अजिबात देऊ नका.

महापालिकेत गेलं की सगळं सुटेल असं वाटणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावं. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत गेली, जून २०२१ च्या अखेरीला आणखी तेवीस. त्या तेवीस गावांत पाणी-कचरा महापालिकेकडे आणि नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे, अशी विभागणी झाली. लोकांनी एका दारातून दुसऱ्या दारात किती हेलपाटे घातले ते त्यांनाच विचारा. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा नांदेड, किरकटवाडी ही नावं रोज पेपरात होती. महापालिकेत जाऊन साडेतीन वर्षं उलटली होती आणि तिथं विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून घरोघरी जात होतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर २०१७ ला आत गेली आणि २०२४ ला बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सांगायचं इतकंच, की वरची पाटी कितीही वेळा बदलली तरी खालची जुनी पाइपलाइन तीच राहते. तिची माहिती तुमच्याकडे नसेल तर नव्या मालकाकडे कुठून येणार?

जमिनीखाली काय आहे हे कुठेच लिहून न ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

हवेली तालुक्यातलं एक गाव, नाव घेत नाही. देवळापासून शाळेपर्यंतच्या मुख्य रस्त्याचं काँक्रिटीकरण मंजूर झालं होतं. आचारसंहिता लागायच्या आत नारळ फुटला पाहिजे, ही सरपंचांची घाई. शाखा अभियंता म्हणाला, "आधी पाण्याची लाइन बघून घेऊ, व्हॉल्व्हचे चेंबर वर उचलून घेऊ." सरपंच म्हणाले, "साहेब, आधी रस्ता तर दिसू द्या. लाइन काय पळून चाललीय का?"

रस्ता झाला, आणि झकास झाला. फ्लेक्स लागले. मधले सगळे व्हॉल्व्ह काँक्रीटखाली गेले.

त्या गावात पाणी सोडणारे एक तात्या होते. कुठला व्हॉल्व्ह कुठं आणि कुठली आळी कशावर, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. खुणा कसल्या, तर वडाच्या बुंध्यापासून इतकी पावलं, पाटलांच्या गोठ्याच्या दारासमोर, अशा. रस्ता रुंद करताना वड गेला. गोठ्याच्या जागी गाळे उभे राहिले. तात्या वयामुळे घरी बसले आणि त्यांच्या जागी सदस्याचा भाचा लागला.

उन्हाळ्यात खालच्या वस्तीत पाणी चढेना. वरच्या आळीत गाड्या धुतल्या जात होत्या आणि खाली बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीत. काँक्रीट ओततानाच एक व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला होता, हे पुढं कळलं. तोवर अंदाजपंचे ब्रेकर लावून खोदकाम सुरू झालं. तात्यांना खुर्चीवर बसवून आणलं. त्यांनी काठी टेकून जागा दाखवली, पण ज्या खुणेवरून ते मोजायचे तीच उरली नव्हती. ब्रेकर व्हॉल्व्हऐवजी मेन लाइनवर बसला आणि आख्ख्या गावाचं पाणी गेलं. मग टँकर.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पुढच्याच वर्षी जलजीवन मिशनचं, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेचं काम आलं, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबानं नवी लाइन. त्या ठेकेदाराने रस्त्याच्या मधोमध लांबच लांब चर मारला. पावसाळ्यात चर खचला. ग्रामपंचायतीने रस्त्याच्या ठेकेदाराला पत्र दिलं, दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा असतो) शिल्लक आहे, दुरुस्त करून द्या. त्याने एका ओळीत उत्तर दिलं: रस्ता मी करून दिला, फोडला तुम्ही. त्याचं काय चुकलं? शेवटी चरावर पेव्हर ब्लॉक बसले. पेव्हर ब्लॉक हे आपल्याकडचं सगळ्या दुखण्यावरचं औषध झालंय. खाली काय सडतंय ते दिसत नाही आणि उद्घाटनाच्या फोटोत लालपिवळं छान दिसतं.

माझी पद्धत जुनाट आहे, पण सांगतो. काँक्रीटचा विषय निघाला की आधी पाणी सोडणाऱ्या माणसाला बरोबर घ्यायचं, फक्कीची पिशवी घ्यायची आणि गाव पायी फिरायचं. तो दाखवेल तिथं पांढरी खूण. मग प्रत्येक व्हॉल्व्हचं अंतर दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने मोजायचं. पक्का म्हणजे शाळेच्या भिंतीचा, टाकीच्या खांबाचा, देवळाच्या ओट्याचा. झाड, टपरी, दुकानाची पाटी चालणार नाही. पाइप कसला, किती इंची, किती खोल, हे जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं आणि त्या पानावर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या घ्यायच्या. (ग्रामसेवकाचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच.) चर बुजवायच्या आधी टेप आडवा धरून फोटो. मला पोरं सांगतात, "काका, ॲप आहे त्याला." असू द्या. मोबाइल सदस्याबरोबर घरी जातो, वही कपाटात राहते.

क्रम एकच: आधी पाणी, मग ड्रेनेज, मग रस्ता. पाण्याच्या योजनेला वेळ असेल आणि रस्ता थांबवता येत नसेल, तर निदान प्रत्येक चौकात काँक्रीटखालून दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. खर्च किरकोळ, पुढची फोडाफोडी वाचते. हे सांगितलं की नवा सदस्य विचारतो, "रिकामे पाइप कशाला, त्याचं बिल कसं निघणार?" अंदाजपत्रकात धरलं तर निघतं. आधी धरायचं असतं.

आपला रस्ता कुणाचा आहे हेच माहीत नसणं

खड्डा पडला की सगळे पीएमआरडीएच्या नावाने बोंब मारतात. रस्ता राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषद, आणि गावठाणातला असेल तर तुम्ही. पत्र चुकीच्या दारात गेलं की ते फिरून येईपर्यंत पावसाळा संपतो. आणि नमुना २३, म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही, उघडून बघा. वर्षानुवर्षं वापरातला रस्ता त्यात नसतो, मग निधी मागताना 'रस्ता अस्तित्वात नाही' असा शेरा येतो आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

ओढ्यात पाइप टाकून वर रस्ता करणं

एका उन्हाळ्यात ओढा कोरडा दिसतो. दोन सिमेंटचे पाइप, वर मुरूम, झाला रस्ता. प्लॉटिंगवाला तर मोरी स्वखर्चाने बांधून देतो, त्याचा केवढा कौतुकसोहळा! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून खाली काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. डोंगरउताराची गावं आज तीच जागा बुजवतायत. पाइपचा व्यास गावातल्या अनुभवी माणसाने हाताने दाखवून ठरत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला किती क्षेत्राचं पाणी येतं, त्यावर ठरतो. माझा तर साधा नियम आहे: प्लॉटिंगवाला जे फुकट बांधून देतो, त्याचा नकाशा आधी अभियंत्याला दाखवा, हार नंतर घाला.

आराखड्यावर भाषण करणं, हरकत न घेणं

पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला. साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना पडल्या. पुढं हा आराखडा २०२५ मध्ये सरकारने रद्दच केला. नवा कधीतरी येईल. तेव्हा तरी मागच्यासारखं करू नका. त्या वेळी एका ग्रामसभेचा ठराव माझ्याकडे वाचायला आला होता: 'गावावर अन्यायकारक आरक्षणे टाकली असून ती तातडीने रद्द व्हावीत.' बस. कुठला गट नंबर, कुठलं आरक्षण (म्हणजे जागा कशासाठी राखलीय), तिथं आज काय उभं आहे, बदली जागा कुठली, काही नाही. सुनावणीत असल्या कागदाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. दरम्यान ज्याचा स्वतःचा गट बाधित होता तो वकील लावून, नकाशा जोडून मोकळा झाला. क्रीडांगणाचं आरक्षण मात्र कुणाचंच नव्हतं, म्हणून कुणीच त्यावर लिहिलं नाही.

आराखडा यायची वाट न बघता आजच गावाचा गटनकाशा घ्या आणि त्यावर लाल शाईने चार गोष्टी दाखवा: स्मशानभूमी, पाण्याचा स्रोत, कचऱ्यासाठी जागा, शाळेला वाढायला जागा. हा कागद तयार असेल तर प्राधिकरणाच्या बैठकीत तुमचं म्हणणं नुसतं म्हणणं राहत नाही. महानगर नियोजन समितीत ४५ पैकी ३० सदस्य निवडून आलेले असतात, त्यात ग्रामीण भागाच्याही जागा आहेत. तिथं निवडून गेलेल्या माणसाला तुमच्या गावाचा हा एक कागद नेऊन द्या. निवेदन आणि शाल-श्रीफळ नको.

पटापट सांगतो

एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून, रक्कम मर्यादेखाली दाखवून ई-निविदा चुकवू नका. तपासनीसाला ते पहिल्या पानावर दिसतं, आणि लेखा आक्षेपाचं उत्तर तुमच्यानंतरच्या सरपंचाला द्यावं लागतं.

पंचवीस-तीस टक्के कमी दराने काम घेणारा देवमाणूस नसतो. तेवढं सिमेंट कमी पडणार, हे आधीच समजून घ्या.

वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. कमानीला तो वळवायची युक्ती विचारायला माझ्याकडे येऊ नका.

डिजिटल सहीची किल्ली ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सही तुमची, जबाबदारी तुमची.

हद्दवाढीची चर्चा सुरू झाली की ऐनवेळी ग्रामपंचायतीत पाहुण्यांची नोकरभरती आणि घाईघाईने नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) नोंदी, हे दोन्ही उद्योग चौकशीत सापडतात.

काँक्रीट टाकलं की चौथ्या दिवशी त्यावरून वाळूचा डंपर नेणाऱ्यांबद्दल काय बोलावं! बारदान टाकून किमान दोन आठवडे पाणी मारा. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, तुमच्यासमोर भरून घ्या, तारीख ओल्या काँक्रीटवर खिळ्याने लिहा आणि अठ्ठावीस दिवसांचा निकाल हातात येईपर्यंत शेवटचं बिल काढू नका. ठेकेदार रोज ऑफिसात येऊन बसेल, चहा पाजेल, वरून फोन आणेल. चहा घ्या. सुरक्षा अनामतही दोष दायित्व कालावधी संपल्याशिवाय सोडू नका, आणि तो संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो जोराचा पाऊस पडून गेल्यावर, अभियंत्याला घेऊन रस्ता एकदा चालून या. सापडलेल्या भेगा फोटोसकट पत्रात लिहा आणि पत्र आवक-जावक नोंदवहीत घालून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं ठेकेदाराच्या लक्षात राहत नाही.