५८ झाली, नोकरी चालूच आहे, मग पीएफच्या पेन्शनचं काय करायचं?

आमच्या गोव्यातल्या कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ५८ उलटलेले कितीतरी जण त्याच कंपनीत मुदतवाढीवर नाहीतर कॉन्ट्रॅक्टवर कामाला आहेत, आणि बऱ्याच जणांना वाटतं की नोकरी सुटल्याशिवाय पीएफची पेन्शन मिळत नाही. अहो मिळते! ५८ पूर्ण झाली की पेन्शन स्कीममध्ये पैसे भरणं संपतं आणि पेन्शन घेता येते, पगार चालू असला तरी, फक्त १० वर्षांची सर्व्हिस हवी.

आधी आधार आणि पीएफमधलं नाव ताडून बघा. आपल्याकडे एकात गावस, दुसऱ्यात गांवस, असं हमखास असतं आणि तिथंच फाईल अडकते. मग पेन्शनच्या अर्जाचा १०-डी फॉर्म भरा.

आता खरी भानगड पगाराच्या स्लिपची. कंपनीच्या वाट्यातले महिना १,२५० पर्यंत पेन्शन खात्यात जात असतात, ५८ नंतर ते तिकडे न जाता सगळेच पीएफमध्ये पडायला हवेत. माझे पाच महिने तिकडेच जात राहिले, ऑफिसात कोणाच्या लक्षातच नाही, मग पणजीच्या पीएफ ऑफिसला हेलपाटे कोणी मारले, तर मीच.

कोणीतरी सांगणारच की घाई कशाला, ६० पर्यंत थांब, वर्षाला ४ टक्के वाढवून मिळतात. मिळतात, खरं आहे. पण पेन्शन ५,००० धरा, पेन्शन खात्यात पैसे न भरता वर्षभर थांबलात तर ६०,००० सोडले आणि महिन्याला वाढले २००, म्हणजे सोडलेले भरून यायलाच ३०० महिने, २५ वर्षं! तोवर ८४ व्हायची. मी काय थांबलो नाही बाबा.

रिटायर होऊन सगळा पीएफ काढलाय आणि मग दुसरीकडे लागलात, तर नव्या ठिकाणी पीएफ कापणं सक्तीचं नाही, जॉइन होतानाच सांगा. पेन्शन मात्र चालूच राहते.

जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, वर्षातून एकदा, इथं नोव्हेंबरच पाहिजे असं नाही, कधीही द्या, वर्षभर चालतं, मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं.

आणि हो, पेन्शनही टॅक्सला पगारातच धरतात. कंपनीला आकडा आधीच देऊन ठेवा, नाहीतर जुलैत रिटर्न भरताना एकदम बसतो.