वेदनाशामक गोळ्यांचं लेबल वाचताना या चुका टाळा

पेनकिलरचा ओव्हरडोस म्हटलं की मूठभर गोळ्या डोळ्यांसमोर येतात. पण दोन-तीन दिवसांत थोडा थोडा करूनही तो होतो, आणि घेणाऱ्याला वाटत असतं की आपण प्रमाणातच घेतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाकिटावरचं ठळक नाव वाचून थांबणं. ते कंपनीनं ठेवलेलं नाव. आत काय आहे ते खाली बारीक अक्षरांत, 'प्रत्येक गोळीत' या शब्दांपुढे असतं. पॅरासिटामॉल तापाच्या गोळीत असतं, सर्दीच्या गोळीत असतं, पाण्यात विरघळवून प्यायच्या पावडरीतही असू शकतं. काही देशांत त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. नाव दुसरं, औषध तेच.

आता हिशेब बघा. तापासाठी 650 मिलिग्रॅमची गोळी चार वेळा, म्हणजे 2600. सर्दीच्या गोळीत 500, ती तीन वेळा, म्हणजे 1500. झाले 4100. निरोगी प्रौढासाठी 24 तासांची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम धरतात. बरेच डॉक्टर तर 3000 वरच थांबायला सांगतात. दोन्ही पाकिटांवरच्या सूचना तंतोतंत पाळूनही माणूस मर्यादेबाहेर गेला! म्हणून गोळ्या नाही, मिलिग्रॅम मोजा. आणि 24 तास म्हणजे शेवटचे 24 तास; रात्री बारा वाजले म्हणून कोटा नव्यानं सुरू होत नाही.

फटका बसतो यकृताला. पॅरासिटामॉलचा निचरा होताना थोडं विषारी द्रव्य तयार होतं आणि यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करतं. औषध जास्त झालं की हा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. रोज दारू घेणाऱ्यांचा किंवा धड न जेवलेल्यांचा साठा आधीच कमी असतो. तापात जेवण जात नाही आणि गोळ्या मात्र चालूच असतात, हे विसरू नका. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारा.

गोळीनं दुखणं थांबलं नाही की लोक दुसऱ्या नावाची गोळी घेतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही सगळी एकाच कुळातली. यातल्या दोन एकत्र घेतल्या तर आराम फारसा वाढत नाही, पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून किंवा चावूनही नकोत. तासन्‌तास पुरायचं औषध एकदम अंगात उतरतं.

लहान मुलांच्या औषधात घोळ होतो तो थेंब आणि सिरपचा. पॅरासिटामॉल सिरपच्या एखाद्या बाटलीवर '5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम' असतं, तर ड्रॉप्सच्या बाटलीवर '1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम'. सिरपच्या अंदाजानं ड्रॉप्स 5 मिली पाजले तर 120 ऐवजी 500 मिलिग्रॅम पोटात जातात. मूल दहा किलोचं असेल तर एका वेळचा नेहमीचा डोस 100 ते 150 मिलिग्रॅम. मुलांचा डोस वजनावर ठरतो, आणि मोजायला बाटलीसोबतचंच माप वापरा, घरातला चमचा नको. दोन पालक आळीपाळीनं औषध देत असतील तर वेळ आणि मात्रा कागदावर लिहा. 'मला वाटलं तू दिलं नाहीस' असं म्हणत डोस दुप्पट होतात.

जास्त झाल्याचं लक्षात आलं तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. पॅरासिटामॉलच्या बाबतीत पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तीही नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी दिसू लागते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला काम करतो. घरी उलटी करवण्यात वेळ घालवू नका. सगळी पाकिटं आणि बाटल्या घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा, आणि किती व केव्हा घेतलं ते सांगा.