उताराच्या परसात बाग करताना या चुका टाळा

घर रस्त्याच्या अंगाला, आणि मागची जमीन तिथून थेट पऱ्यापर्यंत, म्हणजे लहान ओढ्यापर्यंत, उतरत गेलेली. रुंदी चाळीस-पन्नास फूट, लांबी दोनशे-अडीचशे फूट. वाटण्या होत होत अशा लांबट पट्ट्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गावोगाव तयार झाल्या आहेत. अशा परसांत बाग उभी करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्याच त्या चुका निस्तरण्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. दरवर्षी मे महिन्यात कोणी तरी मुंबईहून किंवा पुण्याहून येतो, हाताशी पंधरा दिवसांची रजा असते, जेसीबी आधीच सांगितलेला असतो, आणि पावसापूर्वी सगळे उरकायचे असते. उताराच्या जमिनीत पहिला विचार पाण्याचा, दुसरा मातीचा आणि तिसरा झाडांचा करावा लागतो. घाईत असलेला माणूस नेमका उलटीकडून सुरुवात करतो, म्हणजे आधी रोपवाटिकेत जातो.

पाऊस न पाहता खोदाईला हात घालणे

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो कितीदा तरी पडतो, तर एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर पाणी उतरते. पाच गुंठ्यांच्या परसात ते पन्नास हजार लिटर होते. त्यात घराच्या छपराचे पाणी, वरच्या रस्त्याचे पाणी आणि शेजाऱ्याच्या अंगणातून येणारे पाणी मिळवा. हे सगळे कुठून शिरते, कुठे वळते, कुठे थबकते हे मे महिन्यातल्या कोरड्या जमिनीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. मलाही येत नाही, आणि जो ठेकेदार सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून माझा आग्रह असतो की एक पावसाळा जमीन आहे तशी ठेवावी. चांगली सर चालू असताना छत्री घेऊन खालपर्यंत उतरावे आणि जिथे ओघळ दिसेल तिथे बांबूची खुंटी ठोकावी. जिथे पाणी उभे राहते तिथे वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली खुंटी ठोकावी. सप्टेंबरअखेर या खुंट्यांनीच बागेचा नकाशा तयार होतो. ओघळ जिथून जातात तिथे पुढे दगडी गटार येते, पाणी थबकते तिथे केळी, अळू किंवा पोफळी येतात, आणि कोरडी राहिलेली पाठ आंबा-काजूला मिळते. खोदाई दिवाळीनंतर, जमिनीत थोडी ओल असताना सुरू करावी. एक वर्ष फुकट गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा.

आधारभिंतीमागच्या पाण्याला वाट न ठेवणे

संगमेश्वर तालुक्यातील एका गावात मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या एका गृहस्थांनी घरामागे एक मोठा सपाट टप्पा काढून घेतला. वरची बाजू खोदायची, निघालेली माती पुढे लोटायची आणि ती अडवायला पाच फूट उंचीची चिऱ्याची भिंत सिमेंटमध्ये बांधायची, असा ठेकेदाराचा बेत होता. भिंतीला समोरून गिलावा झाला, रंग झाला, वर लॉन लावले गेले. पाणी जाण्यासाठी भिंतीत एकही छिद्र ठेवलेले नव्हते, कारण त्यातून लाल पाणी येईल आणि रंगावर डाग पडतील असे ठेकेदाराचे म्हणणे होते. छपराच्या पन्हळीचा पाइपही त्याच भरावात सोडून दिलेला होता.

मला बोलावणे आले तेव्हा जुलै महिना सुरू होता. भिंतीवर मधोमध एक बारीक आडवी चीर दिसत होती आणि तिच्यावर सिमेंटचा हात फिरवलेला होता. मी ओळंबा मागवला आणि वरच्या थरावरून सोडला. दोरी वर भिंतीला टेकत होती, कमरेच्या उंचीवर भिंतच दोरीला बाहेर ढकलत होती, आणि पायाशी पुन्हा मध्ये बोटभर फट दिसत होती. याला गवंडी भिंतीला पोट आले म्हणतात. पायथ्याची जमीन कोरडी होती, आणि तीच खरी काळजीची गोष्ट होती; इतका पाऊस होऊन खाली पाणी झिरपत नाही, याचा अर्थ ते सगळे मागे साठते आहे. पन्हळीचा पाइप त्याच दिवशी बाजूला काढा आणि भिंतीच्या पायाशी ताबडतोब छिद्रे पाडून घ्या, असे मी सांगितले. ठेकेदाराने पाऊस उघडल्यावर पाहू असे सांगितले आणि घरमालकांनी त्याचे ऐकले. त्याच आठवड्यात रात्री भिंतीचा मधला भाग खालच्या पोफळींवर गेला. सकाळी पाहिले तर पडलेल्या चिऱ्यांच्या मागच्या अंगाला लोण्यासारखी मऊ, पांढुरकी-गुलाबी माती चिकटलेली होती. ती शेडी होती, जांभ्याच्या थराखाली असणारी चिकण माती, जी ओली झाली की घसरते. खोदाई करणाऱ्याने ती उकरून भरावात घातली होती. रात्रीची वेळ असल्याने खाली कोणी नव्हते, एवढेच समाधान.

यातले गणित प्रत्येकाने समजून घ्यावे. पाच फूट उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साठले तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच रेटा एक टनाहून अधिक असतो. मातीचा त्याहून वेगळा. उंची दुप्पट केली की हा रेटा चौपट होतो. म्हणून एक उंच भिंत बांधण्यापेक्षा अडीच-अडीच फुटांच्या दोन भिंती, मध्ये पुरेसे अंतर सोडून, हा माझा नेहमीचा मार्ग आहे. त्या गृहस्थांकडेही पुढे तेच केले.

मी शक्यतो कोरडा गडगाच, म्हणजे सिमेंट न वापरता रचलेली दगडी भिंतच, घालतो. जुन्या लोकांनी घातलेले गडगे पिढ्यान्पिढ्या उभे आहेत ते सांध्यांतून पाणी निघून जाते म्हणून. पाया घट्ट जमिनीपर्यंत न्यावा, तळाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी ठेवावी, गडगा वर जाताना डोंगराच्या बाजूला किंचित कलता ठेवावा, आणि मधून मधून मागे भरावात शिरणारे लांब दगड घालावेत. गडग्याच्या मागे फूटभर रुंदीत फक्त दगडाच्या कपऱ्या भराव्यात, माती नाही. सिमेंटमध्येच बांधायची असेल तर पायथ्यालगत दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावेत आणि त्यांच्या मागेही कपऱ्यांचा थर हवाच. चार फुटांहून उंच भिंत लागणार असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय पहिला चिराही लावू नये. आणि जमीन घरापासून खाली उतरण्याऐवजी घरामागे वर चढत गेलेली असेल, तर जागा वाढवण्यासाठी त्या चढाचा पाय खोदण्याचा विचारच सोडून द्यावा.

वरची माती भरावाच्या तळाशी घालवणे

जांभ्याच्या कातळावर कसदार मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरच असतो. पालापाचोळा कुजून ती वीतभर माती तयार व्हायला पिढ्या जातात आणि जेसीबीच्या बादलीला ती खाली लोटायला एक सकाळ पुरते. काम झाल्यावर टप्पा दिसतो सुरेख सपाट, पण त्याच्या आतल्या अर्ध्या भागात उघडा जांभा असतो, जो हवा आणि ऊन लागून आणखी कठीण होत जातो, आणि बाहेरच्या अर्ध्या भागात पोकळ भराव असतो, ज्याच्या तळाशी सगळी चांगली माती गाडलेली असते. मग लोक सांगतात की आमच्याकडे काही येतच नाही.

माझ्या कामात पहिले दोन दिवस माणसे फक्त वरची माती काढतात. फावड्याने ती सोलून एका कडेला ढीग करतात आणि ढिगावर माडाची झापे टाकतात. खोदाई आणि भराव झाल्यावर तीच माती शेणखतासह वर पसरायची. यंत्रवाला कुरकुर करतो, कारण तोपर्यंत त्याला थांबावे लागते; त्याची कुरकुर खुशाल ऐकून घ्यावी. भराव वीत-वीतभर थरांनी चोपून घ्यावा, आणि त्यावर निदान एक पावसाळा तरी काहीही बांधू नये, फरशी घालू नये, माड लावू नये. तेवढ्या काळात तिथे ताग किंवा चवळी पेरावी. भराव बसतो आणि मातीत नत्रही येते.

टप्पा पूर्ण सपाट किंवा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवणे हीही याच जातीची चूक आहे. भरपूर पावसाच्या प्रदेशात टप्प्याला आतल्या बाजूला, म्हणजे वरच्या गडग्याच्या पायाकडे, अगदी हलका उतार द्यावा, तिथे लहानसे गटार काढावे आणि ते बाजूच्या दगडी ओघळात नेऊन सोडावे. बाहेरच्या कडेवरून पाणी ओसंडू लागले की त्या कडेची माती टिकत नाही. कडेला मी वाळा किंवा गवती चहा दाट लावतो. अननसाची रांगही चांगली धरते.

नजरेने पातळी ठरवणे

उतारावर डोळा फसतो. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्यावी, दोन माणसांनी दोन टोके धरावीत आणि समपातळीतल्या खुणा करत जावे. एका सकाळचे काम आहे आणि खर्च जवळजवळ नाही, तरीही ते टाळणारे लोक मी दरवर्षी पाहतो.

गडग्याच्या डोक्यावर किंवा पायाशी आंबा, फणस, वड-पिंपळाच्या जातीचे काहीही लावू नये. शोषखड्डा आधारभिंतीच्या मागे कधीच घेऊ नये. गवत मारायला तणनाशक फवारून उतार पावसाच्या तोंडावर उघडा करू नये. गवत कापावे, मुळे राहू द्यावीत. उतारावरच्या झाडाला गोल आळे करणे व्यर्थ आहे, खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालावा. माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे. रोप लहान दिसते म्हणून चार मीटरवर लावणाऱ्यांना दहा वर्षांनी कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही. जांभ्यात खड्डा काढला की रोप लावण्यापूर्वी तो पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर तो खड्डा पावसाळ्यात रोपाची मुळे कुजवणार, तेव्हा खालचा कातळ पहारीने फोडल्याखेरीज तिथे काही लावू नये.

खालच्या टोकाला विसरणे

लांब परसबागेत पहिले साठ फूट सजतात आणि बाकीचे रान होते. याचे कारण आळस नसून वाट आणि पाणी हे असते. सुरुवातीलाच पऱ्यापर्यंत वाट न काढल्यामुळे पुढे शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन निसरड्या उतारावरून कोणी जात नाही. वाट सरळ रेषेत उतरवू नये, कारण पावसाळ्यात तीच ओहोळ होते. ती नागमोडी न्यावी, पायरीची उंची सहा इंचांच्या आत आणि पाऊल टेकायला फूटभराहून जास्त जागा ठेवावी, आणि एका अंगाला हातगाडी उतरेल एवढी पायऱ्यांविना पट्टी सोडावी.

पाण्याची टाकी वरच्या टोकाला असली की खाली पाणी आपोआप जाते हे खरे, पण दाब प्रत्येक दहा मीटर उतरणीला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो. ठिबकच्या नळ्या वरून खाली उभ्या टाकल्या तर वरची झाडे सुकतात आणि खालची चिखलात राहतात. मुख्य पाइप उतारावरून न्यावा, ठिबकच्या नळ्या मात्र समपातळीत आडव्या टाकाव्यात आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र कॉक द्यावा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दाब नियंत्रित करणारे ड्रिपर घ्यावेत, ते थोडे महाग असतात. न्हाणीघराचे पाणी वरच्याच टप्प्यावर केळीला द्यावे. भाजीचे वाफे, मिरच्या, कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराजवळ. मधल्या टप्प्यांवर चिकू, कोकम, पेरू. आणि पऱ्याजवळच्या ओल्या सावलीत पोफळी, त्यांवर काळी मिरी, मध्ये जायफळ. रोज लागते ते वर आणि हंगामाला लागते ते खाली, ही मांडणी मी कोणत्याही सुंदर आराखड्यासाठी बदलत नाही.

मृगाच्या आधी प्रत्येक टप्प्याचे गटार आणि भिंतीतल्या पाइपांची तोंडे मोकळी करून घ्यावीत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा पाहावीत, कारण पालापाचोळा त्याच पावसात वाहून येऊन अडकतो. निघालेला गाळ पऱ्यात लोटू नये. ती त्याच बागेची वरची माती असते, तेव्हा ती ज्या टप्प्यावरून आली त्याच टप्प्यावर पसरावी.