बंबावरून उतरल्यावर आधी साहेब कुठे आहेत ते बघा

अग्निशमन दलात यायचं म्हणणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न उंची आणि छातीचा असतो. ती मापं भरतीच्या जाहिरातीत असतात, आणि सहा महिन्यांचा फायरमन कोर्स लागतो हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते कोर्स संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल. या वर्षात नव्या फायरमनला सगळ्यात मोठा धोका त्याच्या उत्साहापासून असतो. न सांगता तो आत शिरतो, आणि मग आग बाजूला ठेवून त्याला शोधायची वेळ बाकीच्यांवर येते.

वर्दी, म्हणजे आगीची खबर आली, बंब पोचला, की समोर शंभर माणसं उभी असतात. "ओ साहेब, आत दोघं अडकलेत की!" असं कोणी हात धरून सांगतं. पोटात कालवाकालव होते, पण त्या माणसाला घेऊन थेट तुमच्या अधिकाऱ्याकडे जा. जो अधिकारी पहिला पोचतो, घटनेचा ताबा त्याच्याकडे. वरिष्ठ आले तरी ते समोरासमोर परिस्थिती समजून घेऊन ताबा आपल्याकडे घेईपर्यंत हुकूम पहिल्याचाच. तुम्हाला हुकूम देणारा माणूस एकच असला पाहिजे. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, तर ते लगेच आपल्या लीडिंग फायरमनच्या, म्हणजे तुकडीच्या म्होरक्याच्या कानावर घाला.

एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाचच जण ठेवायचे, हा घटनास्थळी हुकूम चालवायच्या या पद्धतीचा, म्हणजे इन्सिडेंट कमांड सिस्टिमचा कणा आहे. १९७० साली कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत वेगवेगळ्या यंत्रणांचा एकमेकांशी मेळ बसला नाही, त्यातून ही पद्धत उभी राहिली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली त्याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. कोर्सला हा भाग कोरडा वाटतो. पण तीन ठिकाणचे बंब, पोलीस, महावितरणची माणसं आणि टँकरवाले एकाच गल्लीत आले, की त्याची किंमत कळते.

सोलापूरची आग ही बऱ्याचदा सुताची आग असते. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले, हे इथल्या प्रत्येकाच्या मनात आहे. अशा कारखान्यात कापसाचे बारीक तंतू तुळयांवर, पंख्यांवर, वायरींवर साचलेले असतात, त्यामुळे ज्वाळा छतालगत पळते. सुताच्या, कापडाच्या बांधलेल्या गाठी आतल्या आत धुमसत राहतात. आणि नवीन माणसाच्या डोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे पाण्याचं वजन. मिनिटाला ५०० लिटर मारलं, तर मिनिटाला ५०० किलो वजन आपणच त्या इमारतीत घालतो. फरशीवरून वाहून जाणारं पाणी निघून जातं, पण टॉवेलच्या थप्प्या ते पिऊन बसतात. माळ्यावर असा माल असेल तर त्याच्याखाली उभं राहू नका. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवरही भरवसा ठेवू नका, कारण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडाची ताकद निम्म्यावर येते. छत वाकलेलं दिसलं, भिंतीची भेग रुंदावली, तर ओरडून सांगा. तिथे नवा-जुना असा भेद नसतो.

आता बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर घेतलेला हवेचा सिलिंडर आणि मास्क. यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. सिलिंडर ३०० बारचा (बार हे हवेच्या दाबाचं माप), कागदावर साधारण ४५ मिनिटांचा. होज ओढत, धापा टाकत काम केलं की तो निम्म्या वेळातही संपू शकतो. म्हणून घड्याळाकडे बघण्यापेक्षा गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा बघायचा. समजा, २८० बारवर आत गेलात आणि कामाच्या जागी पोचेपर्यंत २०० झाले. जायला ८० लागले, म्हणजे यायलाही ८० धरा. साधारण ५५ बारला हवा संपत आल्याची शिट्टी सेटमध्ये वाजते, तेवढी हवा अडचणीसाठी राखून ठेवायची. म्हणजे १३५ ला पाठ फिरवायची. शिट्टी वाजल्यावर निघू असं म्हणणारा उशिरा निघालेला असतो. जोडीतल्या ज्याची हवा आधी उतरेल, त्याच्या गेजवर दोघांनी बाहेर यायचं. आत जाताना आपली टॅली, म्हणजे नावाचा बिल्ला, दारावरच्या नोंद ठेवणाऱ्याच्या हातात द्या. फळीवर नाव, प्रेशर आणि वेळ लिहिलेली बघूनच पुढे पाऊल टाका. बाहेर आल्यावर टॅली परत घ्यायची, नाहीतर तुम्ही आतच आहात असं धरून दोन माणसं तुम्हाला शोधायला जातील.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो. जाड सूट घालून एक सिलिंडर संपवलेल्या माणसाला सावलीत बसवा, हेल्मेट आणि कोट काढा, पाणी पाजा. त्याची बडबड विसंगत वाटली तर ताबडतोब अधिकाऱ्याला सांगा. "मी बरा आहे" हे त्याचं म्हणणं तेव्हा धरायचं नाही.

आग दिसेनाशी झाली की सगळ्यांचे मास्क उतरतात. मला सर्वात चीड येते ती इथे. गाठी फोडून भिजवताना धूर कमी दिसतो, विषारी वायू असतातच. २०२२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामाला कर्करोगकारक ठरवलं आहे. गाठी फोडून होईपर्यंत मास्क तोंडावर ठेवा, जागेवरच सूटवरची काजळी पाण्याने धुवून घ्या, आणि तो सूट गाडीच्या डिकीत टाकून घरी नेऊ नका.