लहान मुलांचे संगीतशिक्षण: क्लास नेमाने कसा चालवावा

मुलाला गाण्याच्या क्लासला घालताना पालक बहुधा शिक्षकांचे नाव, फी आणि घरापासूनचे अंतर पाहतात. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु मूल गाण्यात रमणार की दिवाळीच्या सुटीनंतर क्लास सुटणार, हे मुख्यतः नेमावर ठरते. स्वर कानात मुरावा लागतो, आणि आठवडाभर काहीही न गाता रविवारी सलग दोन तास बसल्याने तो मुरत नाही. आठवड्यातून दोन वेळा क्लास आणि उरलेल्या दिवशी घरी पंधरा मिनिटे रियाज, एवढे जमत असेल तरच क्लास लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच-सहा वर्षांचे मूल एका जागी अर्धा तास बसू शकत असेल, तर सुरुवात करण्यास हरकत नाही. त्याआधी बडबडगीते आणि भरपूर ऐकणे पुरेसे आहे.

क्लास निवडण्यापूर्वी एक दिवस मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. शिक्षक प्रत्येक मुलाकडून एकट्याने गाऊन घेतात का, की सगळी मुले एका सुरात ओरडतात आणि चुकणारा आवाज त्यात दडून जातो, हे पाहावे. दुसरे म्हणजे पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा ते. लहान मुलांचा आवाज उंच असतो आणि त्यांना साधारणपणे काळी चार किंवा काळी पाच (पेटीच्या सप्तकातील चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) मानवते. एखादे शिक्षक स्वतःच्या सोयीसाठी काळी एकमध्येच सर्वांना गायला लावत असतील, तर मुलांना खालचे स्वर लागत नाहीत किंवा वरचे स्वर घसा ताणून लावावे लागतात. असा क्लास घराशेजारी असला तरी टाळावा. साथीला तानपुऱ्याचा सूर असावा, कारण सतत पेटीवर बोट ठेवून शिकवल्यास मूल पेटीचा आधार घेत राहते आणि स्वतःचा षड्ज (सा) शोधायला शिकत नाही.

पहिले काही महिने घरी पाहुणे आल्यावर मुलाला ‘गाणे म्हणून दाखव’ असे सांगण्याचा मोह आवरावा. या काळात अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने स्वर म्हणण्याचे पलटे, चालू असतात आणि ऐकणाऱ्याला ते एकसुरी वाटतात, पण खरे काम तिथेच होत असते. सारेग, रेगम, गमप असे पाठ झालेले मूल पुढे भूप राग शिकू लागते तेव्हा एक गंमत घडते. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य आहेत, म्हणजे ते लावायचे नसतात, तरीही गंधारावरून (ग) पंचमाकडे (प) जाताना सवयीने मध्ये मध्यम लागतोच. शिक्षक थांबवतात, मूल पुन्हा म्हणते, पुन्हा मध्यम डोकावतो. नियमित येणारे मूल काही आठवड्यांत गंधारावरून थेट पंचमावर जाऊ लागते, आणि मध्यम चुकून लागलाच तर कोणी सांगण्यापूर्वी स्वतःच थांबून ‘परत घेते’ म्हणते. स्वतःचा आवाज ऐकून स्वतः दुरुस्त करण्याची ही सवय मला कोणत्याही बक्षिसापेक्षा मोलाची वाटते.

तालाचेही तसेच आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, तर नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, असते. खालीला आवाज नसल्यामुळे मुले तिथे घाई करतात आणि समेवर (पहिल्या मात्रेवर) लवकर पोहोचतात. घरी पालकांनी मुलाबरोबर बसून ठेका (तालाचे बोल) म्हणत टाळ्या द्याव्यात. त्यासाठी स्वतःला गाता येण्याची गरज नाही.

घरच्या रियाजाची वेळ ठरलेली असावी, शक्यतो जेवणापूर्वी. मोबाइलवरील तानपुऱ्याचे ॲप क्लासमधल्याच पट्टीत लावावे, शिक्षकांनी वहीत लिहून दिलेले तेवढेच गाऊन घ्यावे आणि चुका काढण्याचे काम शिक्षकांवर सोडावे. सर्दी-खोकल्यात गाणे बंद ठेवावे, पण ताप नसेल तर क्लास बुडवू नये. शिक्षकांना सांगून मुलाला नुसते ऐकायला आणि ताल द्यायला बसवावे.

परीक्षांविषयी पालक फार लवकर विचारू लागतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरुगृही राहून मिळवायची विद्या ठरावीक वेळेच्या वर्गात, लिखित अभ्यासक्रमासह आणली. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’ आणि पुढे ‘अलंकार’पर्यंतच्या परीक्षा त्याच परंपरेतील आहेत. परीक्षेमुळे अभ्यासाला वळण लागते, हे खरे आहे. मात्र मूल रागाचे आरोह-अवरोह तोंडपाठ म्हणते पण गाताना ते स्वर लागत नाहीत, अशी स्थिती असेल तर एक सत्र थांबावे. याबाबत शिक्षकांचा शब्द शेवटचा मानावा.

मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते चौदाव्या वर्षी फुटू लागतो आणि बरेच जण तेव्हा गाणे सोडतात. या काळात शिक्षकांशी बोलून पट्टी खाली घ्यावी, तारसप्तकातील (वरच्या सप्तकातील) स्वरांचा आग्रह सोडावा, रियाज दहा मिनिटांवर आणावा आणि उरलेल्या वेळात पेटी किंवा तबल्यावर हात बसवावा. क्लासचे वार आणि वेळ मात्र बदलू नयेत.