कोल्हापुरातून बिट्स पिलानीत प्रवेश घेताना

कोल्हापुरात बारावी विज्ञान शाखेतील बहुतेक विद्यार्थी एमएचटी-सीईटीच्या तयारीत असतात. त्यांपैकी ज्यांना बिट्स पिलानी या खासगी अभियांत्रिकी संस्थेत जायचे आहे, त्यांनी बिटसॅट या तिथल्या प्रवेश परीक्षेचे गणित वेगळे आहे हे आधी समजून घ्यावे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून अंदाजाने उत्तर देण्याची सवय लागते. बिटसॅटमध्ये मात्र बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. तीन तासांत १३० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतील ३० प्रश्न इंग्रजी आणि तर्कक्षमतेचे असतात. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांचे नुकसान माझ्या मते इथेच होते, कारण या ९० गुणांसाठी शिकवणीत कोणी वेळ देत नाही. रोज अर्धा तास इंग्रजी वाचनाला द्यावाच. बारावीचे गुणही दुर्लक्षून चालत नाहीत, कारण भौतिक, रसायन आणि गणित मिळून ७५ टक्के व प्रत्येक विषयात किमान ६० टक्के लागतात.

पसंतीक्रम भरताना, बिट्सचा गोवा कॅम्पस जवळ आहे एवढ्याच कारणाने पालकांनी तो पहिला लिहू नये. शाखेचा विचार आधी करावा. शुल्क मोठे असल्याने शिष्यवृत्तीच्या अटी प्रवेशापूर्वीच वाचाव्यात.

बिट्समध्ये हजेरीची सक्ती नाही. शिस्त स्वतःच लावावी लागते, आणि घरापासून प्रथमच दूर राहणाऱ्याला पहिल्या सत्रात हे सर्वांत अवघड जाते. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात प्रॅक्टिस स्कूलअंतर्गत प्रत्यक्ष उद्योगात वा संशोधन संस्थेत काम करावे लागते, त्यामुळे त्या सुट्टीत घरी येण्याचे बेत आखू नयेत.